रीलमधला नफा, पत्रकातला तोटा: शेअर बाजाराच्या ऑनलाइन गुरूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत कर सल्लागार आहे. जून-जुलैत विवरणपत्र भरायला लोक येतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या कागदांत एक नवा कागद दिसायला लागलाय: ब्रोकरकडून आलेलं वर्षभराचं नफा-तोट्याचं पत्रक. बहुतेक वेळा ते तिशीच्या आतल्या मुलाचं असतं. मोबाइलमधले सरांचे व्हिडिओ तो हौसेने दाखवतो, पण हे पत्रक पुढे सरकवताना त्याची नजर खाली जाते. खालचे प्रश्न त्या टेबलासमोरच विचारले गेले. काही आयांनी विचारले, काही वडिलांनी, बरेचसे मुलांनी स्वतः.

आमचे सर रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात. ते सगळे खोटे असतात का?

सगळे खोटे असतीलच असं नाही, आणि फसगत नेमकी तिथेच होते. पूर्ण खोटा स्क्रीनशॉट करणं पोरखेळ आहे. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा आकडा दोन मिनिटांत बदलता येतो, संगणकाचं फारसं ज्ञानही लागत नाही. डेमो खात्यात खोट्या पैशांवर केलेले सौदे पडद्यावर खऱ्यासारखेच दिसतात. पण हुशार माणूस या वाटेला जात नाही. तो खरा स्क्रीनशॉट दाखवतो, फक्त निवडून.

समजा एकाच्या हाताशी दोन खाती आहेत, एक स्वतःचं आणि एक बायकोच्या नावाचं. एका खात्यात कॉल (भाव चढला तर फायदा देणारा सौदा) घेतला, दुसऱ्यात पुट (भाव पडला तर फायदा देणारा). बाजार जोरात हलला की दोघांपैकी एक खातं हिरवं होणारच. संध्याकाळी त्या हिरव्या खात्याचा फोटो टाकायचा. फोटो शंभर टक्के खरा, आणि तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

काही ब्रोकर आपल्याच संकेतस्थळावर नफा-तोटा दाखवणारी लिंक देतात, तिला मुलं 'व्हेरिफाइड' म्हणतात. तो आकडा खरा असतो, पण त्याच एका खात्याचा आणि खातेदाराने निवडलेल्या काळाचा. म्हणून मी मुलांना सांगतो, सरांना एकच गोष्ट मागा: तीन आर्थिक वर्षांची, सगळ्या खात्यांची करपत्रकं आणि सोबत भरलेली विवरणपत्रं. तुमच्याकडून पन्नास हजार फी घेणाऱ्याने एवढं दाखवायला हरकत नसावी. उत्तरादाखल 'तुझा विश्वास नाही का' असं आलं, तर ते नकाराचंच उत्तर समजा.

पण टेलिग्रामवर त्यांचे पाच कॉल, म्हणजे खरेदी-विक्रीचे सल्ले, लागोपाठ बरोबर आले. तो योगायोग कसा?

योगायोग नाही, भागाकार आहे. आठ हजार लोक वेगवेगळ्या गटांत विभागा. निम्म्यांना सांगा उद्या निफ्टी वर जाणार, निम्म्यांना सांगा खाली. ज्यांना चुकीचं सांगितलं ते चार हजार सोडून द्या. उरलेल्या चार हजारांवर पुन्हा तेच करा. दोन हजार, एक हजार, पाचशे, अडीचशे. पाचव्या दिवशी अडीचशे माणसांनी आपल्या डोळ्यांनी पाच अचूक भाकितं पाहिलेली असतात. त्यांना हा माणूस देव वाटतो, आणि सहाव्या दिवशी 'प्रीमियम ग्रुप'ची लिंक येते ती याच अडीचशेंना.

एवढा खटाटोपही बरेच जण करत नाहीत. चुकलेला संदेश पुसून टाकला तरी काम भागतं. तुम्हाला तपासायचंच असेल तर महिनाभर प्रत्येक कॉल आल्या मिनिटाला वहीत लिहा. वेळ, भाव, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला जिथे बाहेर पडायचं तो भाव), लक्ष्य. पैसे लावू नका, नुसतं लिहा. महिन्याअखेरीस ती वही आणि त्यांचं चॅनल शेजारी ठेवून बघा.

एखादा छोटा शेअर त्यांनी सांगितला आणि खरंच वर गेला. मग?

तो कोणाच्या खरेदीने वर गेला, हे विचारा. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीचं प्रकरण आठवा. 2022 मध्ये दोन यूट्यूब वाहिन्यांवर या शेअरबद्दल व्हिडिओ आले. अदानी समूह कंपनी विकत घेणार, अशी धडधडीत खोटी बातमी त्यांत होती. ते व्हिडिओ पैसे मोजून जाहिरातींतून पसरवले गेले. सामान्य लोक खरेदीला धावले, भाव चढला, आणि ज्यांच्याकडे शेअर आधीपासून होते त्यांनी चढ्या भावाला विकून टाकले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेने मार्च 2023 मध्ये अंतरिम आदेश काढला आणि मे 2025 मध्ये अंतिम. मधल्या काळात वरच्या भावाला घेतलेल्यांच्या हाती काय राहिलं असेल ते वेगळं सांगायला नको.

इतका पैसा बाजारात मिळत असेल तर ते शिकवतात कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आया विचारतात. मुलं त्यावर हसतात, पण प्रश्न अगदी बरोबर आहे.

25 ऑक्टोबर 2023 रोजी सेबीने 'बाप ऑफ चार्ट' या नावाने प्रसिद्ध असलेल्या चॅनलविरुद्ध अंतरिम आदेश दिला. तो आदेश मी मुलांना दाखवतो. कोर्सची जाहिरात करताना भरघोस आणि जवळजवळ खात्रीच्या परताव्याची भाषा होती. सेबीने खाती तपासली तेव्हा जानेवारी 2021 ते जुलै 2023 या काळात त्या गुरूंच्या स्वतःच्या सौद्यांत सुमारे 2 कोटी 89 लाखांचा निव्वळ तोटा दिसला. आणि लोकांकडून कोर्स व सल्ल्याच्या नावाखाली गोळा झालेले सुमारे 17 कोटी 20 लाख रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला सांगण्यात आलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की धंदा कोणता आणि माल कोणता ते कळतं. धंदा शिकवण्याचा होता आणि बाजार हा फक्त मागचा पडदा.

डिसेंबर 2025 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच एका मोठ्या प्रशिक्षण संस्थेविरुद्ध सेबीने अंतरिम आदेश काढला. त्यातली रक्कम सुमारे 546 कोटींची होती. अंतरिम म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगतो. पण आपल्या गावांतून, आपल्या भाषेत, फीच्या रूपाने केवढा पैसा वाहतो याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो.

फी सोडून आणखी एक वाट आहे, आणि ती दिसत नाही. व्हिडिओखाली 'मोफत डिमॅट खातं उघडा' अशी लिंक असते. त्या लिंकवरून खातं उघडणाऱ्याने पुढे केलेल्या सौद्यांच्या दलालीतला वाटा लिंक देणाऱ्याला मिळण्याची पद्धत होती. नीट विचार करा: तुम्ही जिंका वा हरा, सौदे जितके जास्त तितका त्याचा वाटा मोठा. म्हणून रोज सौदा करायला सांगणारा माणूस जास्त आणि 'आज काही करू नका' म्हणणारा विरळा. ऑगस्ट 2024 मध्ये सेबीने नियम बदलले. बिगर-नोंदणी सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्यांशी कोणत्याही नोंदणीकृत संस्थेने असे संबंध ठेवायचे नाहीत. तरी जुने व्हिडिओ आणि जुन्या सवयी अजून आहेतच.

मग बाजारात पैसे मिळतात तरी कोणाला?

फ्युचर्स आणि ऑप्शन्स (एफ अँड ओ), म्हणजे शेअर वा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांबद्दल विचारत असाल तर याचं उत्तर छापील स्वरूपात आहे. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर, त्यांतले 93 टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. सगळ्यांचा मिळून 1 लाख 80 हजार कोटींहून जास्त. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा मिळवणारे जेमतेम एक टक्का. पुढच्या वर्षाचा अभ्यास जुलै 2025 मध्ये आला, त्यातही 91 टक्के तोट्यातच.

त्या अहवालातल्या दोन गोष्टी मला झोप लागू देत नाहीत. या लोकांतल्या पाऊण हिश्शाहून अधिक जणांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं सांगितलंय. आणि तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक पुन्हा सौदे करतच राहिले. तिशीच्या आतल्या मुलांचं प्रमाण एका वर्षात 31 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं.

समोरच्या बाजूला कोण आहे? दलाली फर्मचे स्वतःचे ट्रेडिंग विभाग आणि परदेशी गुंतवणूकदार. 2023-24 मध्ये त्यांनी अनुक्रमे सुमारे 33 हजार आणि 28 हजार कोटी ढोबळ नफा कमावला, तोही जवळजवळ सगळा संगणकीय प्रणालीने केलेल्या सौद्यांतून. कवठेमहांकाळच्या एसटी स्टँडवर मोबाइल धरून बसलेला मुलगा त्या यंत्रांशी खेळतोय, हे त्याला कोणत्याच रीलमध्ये सांगितलेलं नसतं.

आणि खर्च. दलाली, बाजाराचे शुल्क, कर मिळून 2023-24 मध्ये माणशी सरासरी 26 हजार रुपये. हे नफा होवो वा तोटा, जायचेच.

ते 'सेबी सर्टिफाइड' आहेत असं लिहिलंय.

सेबी असं काही प्रमाणपत्र देत नाही. सेबी नोंदणी देते. 'सर्टिफाइड' लिहिणाऱ्या बहुतेकांनी एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची एखादी परीक्षा उत्तीर्ण केलेली असते. ती संस्था सेबीनेच स्थापन केलेली आहे, पाताळगंगेला तिचं मोठं संकुल आहे, आणि परीक्षा चांगल्या असतात. पण परीक्षा उत्तीर्ण होणं ही नोंदणीची एक अट आहे, नोंदणी नव्हे. लर्निंग लायसन्स आणि बसचा परवाना यांत फरक आहे तसा. आयएसओ आणि उद्यम नोंदणीची प्रमाणपत्रंही काही जण भिंतीवर लावतात, त्यांचा तर सल्ला देण्याशी काहीच संबंध नाही.

खरी नोंदणी अशी ओळखा: गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी. क्रमांक पाहून थांबू नका. सेबीच्या संकेतस्थळावर मध्यस्थांची यादी आहे, तिथे तो टाका आणि नाव, पत्ता, फोन, ईमेल जुळवा. दुसऱ्याचा क्रमांक आपल्या चॅनलवर चिकटवणारे आहेत. फी भरतानाही बघा. ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत मध्यस्थांना गुंतवणूकदारांकडून यूपीआयने पैसे घेण्यासाठी खास पत्ता दिला जातो, त्यात 'व्हॅलिड' हा शब्द असतो. एखाद्या माणसाच्या साध्या मोबाइल नंबरवर पैसे मागितले तर तिथेच थांबा.

निळी टिक आहे की!

निळी टिक 2023 पासून दरमहा पैसे भरून मिळते. खातं त्याच माणसाचं आहे, फार तर एवढंच तिच्यावरून कळतं.

नोंदणीकृत सल्लागार घेतला की फायदा नक्की ना?

नाही. खात्रीचा परतावा सांगायला नोंदणीकृत माणसाला मनाई आहे. नोंदणीने जबाबदारी येते. करार, पावती, लेखी कारणं आणि तक्रारीला जागा मिळते.

सर म्हणतात, 'मी सल्ला देत नाही, फक्त शिकवतो.'

शिकवायला नोंदणी लागत नाही, हे खरं. म्हणूनच प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला 'केवळ शैक्षणिक उद्देशाने' ही पाटी येते. पण जानेवारी 2025 च्या परिपत्रकात सेबीने स्पष्ट केलं की नुसतं शिकवणाऱ्याने एखाद्या शेअरबद्दल बोलताना गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून भाकीत सुचवायचं नाही. इतिहास शिकवायला तीन महिन्यांपूर्वीचा चार्ट पुरतो. सकाळी सव्वानऊला थेट बाजारावर 'मी इथे एंट्री घेतोय' असं सांगणं हे शिकवणं नाही, मग पाटी काहीही असो.

गाडी, बंगला, दुबई... हे तरी खरं असेल ना?

असेल. फीच्या पैशांतून आलेलं असू शकतं. भाड्याचंही असू शकतं, गाड्या दिवसाच्या भाड्याने मिळतात, फार्महाउस शूटिंगसाठी तासाने मिळतात. 2020 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओची बातमी गाजली होती. तिथे खाजगी विमानाच्या आतल्या भागासारखा सेट लावलेला होता आणि इन्स्टाग्रामवाले तिथे तासाच्या भाड्याने फोटो काढून घेत. विमान नव्हतंच, खुर्च्या आणि खिडक्या होत्या.

पण मला गाडीपेक्षा तिच्यासोबत येणाऱ्या वाक्याची चीड आहे. 'नोकरी म्हणजे गुलामी.' 'बापाने चाळीस वर्षांत कमावलं ते मी चाळीस दिवसांत.' माझ्यासमोर कुपवाडच्या कारखान्यात बावीस हजारांवर काम करणारा मुलगा बसतो. पहाटे उठतो, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडतो, आणि हे वाक्य रोज दहा वेळा ऐकून स्वतःला नालायक समजायला लागतो. त्याने काहीही चुकीचं केलेलं नाही. त्याची तुलना अशा चित्राशी लावली गेलीय ज्यात तोट्याचे दिवस कापून टाकलेत. बापाच्या चाळीस वर्षांत पीएफ आहे, दोन मुलांचं शिक्षण आहे, फिटलेलं घर आहे. ते रीलमध्ये मावत नाही म्हणून ते कमी होत नाही.

एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) प्रमुखांनीच शेअर सुचवल्याचा व्हिडिओ आलाय.

खोटा आहे. एनएसईचे प्रमुख आशिषकुमार चौहान यांचा चेहरा आणि आवाज वापरून बनवलेल्या अशा व्हिडिओंबद्दल एनएसईनेच एप्रिल 2024 मध्ये लोकांना सावध केलं होतं. बाजार चालवणारी संस्था शेअर सुचवत नाही. असे व्हिडिओ पुढे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नेतात. तिथे दोनशे जण 'सर, आज ऐंशी हजार आले' म्हणत असतात, त्यांतले बरेचसे त्याच टोळीचे. मग एक अ‍ॅप टाकायला सांगतात. त्यात तुमचे पैसे वाढताना दिसतात, काढायला गेलात की 'आधी कर भरा' म्हणतात. कर असा कोणी आगाऊ मागत नाही, हे मी धंद्याने सांगतो. पैसे गेले असतील तर हा लेख इथेच सोडा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.

कोर्सची फी परत मिळेल का?

सोपं नाही. गुरू नोंदणीकृत असेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार यंत्रणेवर लिहा. नसेल तर सेबीला कळवाच, आणि ग्राहक म्हणून 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर व पुढे ग्राहक आयोगाकडे जा. जाहिरात, चॅट, पावती, रेकॉर्डिंग आजच जपून ठेवा. भांडण सुरू झालं की पहिल्यांदा ग्रुपमधून काढतात, आणि मग पुरावा हाती राहत नाही.

सगळेच यूट्यूबवाले वाईट का?

मुळीच नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल कसा वाचायचा, म्युच्युअल फंडातला खर्च कसा मोजायचा, विम्याच्या नावाखाली काय गळ्यात मारतात, हे मराठीत तळमळीने समजावणारी माणसं आहेत. मी स्वतः त्यांच्याकडून शिकलोय. त्यांचे व्हिडिओ बघून घाई सुटत नाही, हा माझा ठोकताळा. शिवाय सेबीची गुंतवणूकदारांसाठीची परीक्षा एनआयएसएमतर्फे मोफत आहे. पन्नास हजारांचा कोर्स घेण्याआधी ती देऊन बघा.

तोटा झालाय. विवरणपत्रात दाखवू की गप्प बसू?

दाखवा. एफ अँड ओचा तोटा हा धंद्यातला तोटा धरतात. त्यासाठी आयटीआर-3 लागतो, नोकरदाराचा साधा फॉर्म चालत नाही. पगारातून तो वजा होत नाही, पण मुदतीत विवरणपत्र भरलं तर आठ वर्षं पुढे ओढता येतो. इंट्राडेचा, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकलेल्या शेअरचा, तोटा वेगळा धरतात, तो चार वर्षं आणि फक्त तशाच नफ्यातून वजा होतो. लाजेपोटी न दाखवलेला तोटा म्हणजे दुसऱ्यांदा झालेला तोटा.

मुलाने कर्ज काढून पैसे लावलेत. त्याच्याशी बोलायचं कसं?

ओरडायच्या आधी कागद मागा. सगळे: पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, लोन अ‍ॅप, मित्रांचे उसने. मुलं पहिल्यांदा निम्माच आकडा सांगतात, आणि उरलेला निम्मा एका सौद्यात भरून काढायचा बेत मनात असतो. पूर्ण आकडा बाहेर आला की तो बेत मोडतो. मग ब्रोकरला सांगून एफ अँड ओ विभाग बंद करून घ्या. खातं स्वतःहून गोठवायची सोयही ब्रोकरकडे असते. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, 'मी नसलो तर बरं' असं बोलत असेल तर पैशांचं सगळं बाजूला ठेवून 14416 ला फोन करा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

दोन वर्षांपूर्वी एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर मुलाला घेऊन आले. सहा लाख गेले होते. मुलगा भिंतीकडे बघत होता. मी पत्रक वडिलांसमोर ठेवलं. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब जुळवलेला माणूस, त्यांनी तोट्याच्या आकड्याकडे पाहिलंही नाही. बोट 'एकूण शुल्क' या ओळीवर ठेवलं आणि विचारलं, "बाळा, हे एक लाख चाळीस हजार कशाचे?" मुलगा खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकला आणि एकेक सौदा समजावून सांगायला लागला. दीड तास लागला. मी मध्ये दोनदा चहा मागवला.